तीन वर्षं पाच महिने

"उकळू दिऊ नका, ताई. वाफ निघाली की जाळ बाजूला घ्या."

राहीबाई माझ्या मागं उभ्या राहून सांगत होत्या. सांगलीच्या क्षयरोग केंद्राच्या प्रयोगशाळेत मला लागून वर्ष होत आलं होतं. सूक्ष्मजीवशास्त्र घेऊन मी पदवीधर झाले होते आणि थुंकीच्या स्लाइडवर लाल रंग कसा चढवायचा हे मला पुस्तकातून पाठ होतं. पण माझ्या पाच स्लाइडमधली एक हमखास बिघडायची. राहीबाईंची बिघडलेली मी पाहिली नव्हती. त्या मराठी तिसरी शिकलेल्या होत्या. प्रयोगशाळा सहायक हे पद त्यांना आयाच्या कामावरून चढत चढत मिळालं होतं.

गुंडा शिपाई पाकीट घेऊन आत आला. "राहीबाई, पेढे पायजेत बरं का. लय दिवस राबलासा, आता आराम."

त्यांनी हात धुतले, पुसले आणि पत्र उजेडाकडे धरून वाचलं. मग माझ्याकडे दिलं. दिनांक ११ मार्च १९१९ ही जन्मतारीख धरता श्रीमती राहीबाई ज्ञानू कदम यांचं वय अठ्ठावन्न वर्षं पूर्ण होत असल्यानं त्या ३१ मार्च १९७७ रोजी सेवानिवृत्त होतील आणि त्यानंतर निवासाची खोली रिकामी करून देतील, असं त्यात होतं.

"अजून दोन महिने आहेत," मी काहीतरी बोलायचं म्हणून बोलले.

"ही तारीख माजी न्हवं, ताई."

"मग कुणाची?"

"माज्या थोरल्या भनीची."

त्यांनी दिवा विझवला आणि पुढची स्लाइड धुवायला घेतली. बोलल्या त्या काम करता करताच. त्यांच्या आधी आईला एक मुलगी झाली होती. ती तान्हेपणीच गेली. गावच्या चावडीत जन्माचं दप्तर असायचं. त्यात बापाचं नाव, तारीख आणि मुलगा की मुलगी एवढंच लिहीत. मुलाचं नाव नसायचं. 'ज्ञानू कदम याचे घरी मुलगी', एवढीच ती नोंद होती. राहीबाईंचा जन्म श्रावणातला, सन बावीसचा. दोन्ही नोंदी अगदी सारख्या. फरक फक्त तारखेचा.

"एकोनीसची नक्कल बाबानं काढून आनली," त्या म्हणाल्या. "सत्तेचाळीसच्या आदी चौदा वर्सं हुतं न्हवं का ते! माजं लगीन लावायला."

त्यांना स्वातंत्र्याआधीचं म्हणायचं होतं. मुलगी चौदा वर्षांची झाल्याशिवाय लग्न लावायचं नाही असा कायदा सन तीसला लागू झाला. राहीबाईंचं लग्न तेहतीसच्या मे महिन्यात झालं. तेव्हा त्यांना अकरावं चालू होतं.

मी मनात हिशेब केला. तीन वर्षं पाच महिने.

नोकरीला लागताना, छप्पन्न साली, वयाचा कागद मागितला तेव्हा त्यांच्याजवळ हाच एक कागद होता. बापाच्या ट्रंकेतून भावानं आणून दिलेला. तो त्यांनी दिला.

"तेव्हा का नाही सांगितलंत?"

"तवा नोकरी पायजे हुती. तीन वर्सं जादा दिसली तर बिगडलं कुटं? म्हातारी हुयाचं कुनाच्या ध्यानात हुतं?"

ओल्या स्लाइडा त्यांनी ओळीनं वाळत लावल्या. केंद्राच्या मागच्या भिंतीला लागून आठ बाय दहाची एक खोली होती. एकवीस वर्षं त्या तिथं राहत होत्या. एक चूल, एक दोरी, भिंतीला लावलेली दोन पातळं आणि बाहेर डब्यात तुळस. त्यांचं दुसरं घर नव्हतं.

"मला ती खोली सोडून गावाकडं जायचं न्हाई," त्या म्हणाल्या. "तीन वर्सं मिळाली तर कुटंतरी जागा बगीन. न्हाई तर मरूनच जाईन हितं. पर तितं न्हाई."

का, ते त्यांनी लगेच सांगितलं नाही.

हेडक्लार्क हरिभाऊ स्वभावानं वाईट नव्हते. मी राहीबाईंना घेऊन त्यांच्या टेबलाशी गेले तेव्हा त्यांनी चष्मा कपाळावर ढकलला.

"एकवीस वर्षं पगार घेताना आठवलं नाही होय, राहीबाई? माझी बायको लग्नात वय कमी सांगते, तुम्ही जास्त सांगितलंत. जगावेगळ्याच."

"म्या न्हाई, बाबानं सांगितलं."

"मग बाबाला बोलवा."

"चाळीस साली वारला."

हरिभाऊंनी चष्मा डोळ्यांवर घेऊन पत्र पुन्हा वाचलं. मग म्हणाले, "बघा, आता तारीख बदलणं अवघड. पण पुरावा भक्कम असला तर साहेब वर शिफारस करतील. चांगलं मत आहे तुमच्याबद्दल. त्या थोरल्या बहिणीच्या मृत्यूची नोंद आणा."

मी एक दिवस रजा काढून कऱ्हाडला गेले. राहीबाईंचं गाव उंब्रजच्या पुढं, नदीच्या काठानं. बेचाळीसच्या चळवळीत त्या गावची चावडी जाळली होती. जन्ममृत्यूची दप्तरं गेली. शाळा चावडीच्याच आवारात भरायची, तिचं हजेरीपुस्तकही त्यात गेलं. तालुक्याला गावाकडून फक्त आकडे जात. कारकुनानं धूळ झटकून मला ते बाड दाखवलं. सन १९२० या वर्षात गावात अकरा मुली जन्मल्या होत्या आणि नऊ मुली वारल्या होत्या. त्या नवांपैकी एक ती असावी. नावं नव्हती.

मी आकडे उतरवून घेतले. हरिभाऊंनी कागद पाहिला आणि मान हलवली.

"राहीबाईंची आई हयात आहे म्हणालात ना? तिचं प्रतिज्ञापत्र आणा. मॅजिस्ट्रेटपुढं म्हातारीनं एवढंच सांगायचं, मला दोन मुली झाल्या, पहिली वारली, ही दुसरी. संपलं काम."

त्या रविवारी आम्ही एस.टी.नं निघालो. राहीबाईंनी डोक्यावरून पदर घेतला होता आणि पिशवीत आईसाठी तंबाखू आणि पावशेर साखर घेतली होती. फेब्रुवारीचे दिवस होते. ऊसतोड चालली होती आणि रस्त्याला गाड्यांची रांग होती. आमची गाडी त्यांच्या मागं रखडत चालली.

खिडकीतून बाहेर पाहत राहीबाईंनी मला शरयूबाईंची गोष्ट सांगितली.

गावात मुलींची शाळा निघाली ती शरयूबाईंमुळं. साताऱ्याकडच्या, विधवा, पुण्याला शिक्षिकेचं शिक्षण घेतलेल्या. पायात वहाणा घालत आणि छत्री घेऊन चालत. बायका चालत्या रस्त्यात थांबून त्यांच्याकडे बघत राहत. राहीबाईंचे वडील ज्ञानू शिपाई होते. पहिल्या महायुद्धात बसऱ्याकडं लढताना दोन बोटं गमावून सतरा साली घरी आले होते. तिथल्या इस्पितळात गोऱ्या नर्सेस तक्ते वाचून औषधं देताना त्यांनी पाहिल्या होत्या. गावात पहिली मुलगी शाळेत घातली ती त्यांनीच.

"आन लगीनबी त्येनंच लावलं?"

"त्येनंच." राहीबाई थोडं हसल्या. माझ्या तोंडून त्यांची बोली निघाली म्हणून असेल. "पोरगा पलटनीतला, मळा हुता. असं ठिकान परत कुटनं घावायचं, आसं म्हनायचा. आन लोक म्हनायचे, सरकार आज चौदा म्हनतंय, उद्या ईस म्हनंल. पोरी घरात ऱ्हातील. समदी भ्याली हुती."

शरयूबाईंना कळलं तेव्हा त्या ज्ञानूच्या दारात आल्या. आधी समजावलं. मग कायदा सांगितला. लग्न लागल्यावर त्या एकट्या बैलगाडीतून कऱ्हाडला गेल्या आणि फिर्याद दिली. शाळेच्या पुस्तकात राहीचं वय लिहिलेलं होतं, ते त्यांनी दाखवलं. ज्ञानूनं चावडीची नक्कल दाखवली. शाळेत वय अंदाजानं सांगितलं होतं, म्हणाला.

"वकिलानं बाईंला इचारलं, तुमी ही पोरगी जन्मताना बगितली हुती काय? बाई म्हनल्या, न्हाई. समदी कचेरी हसली. मग सायबानं माज्या आयेला बोलवलं."

"त्या काय म्हणाल्या?"

"मला एकच लेक, म्हनली. ही. सायब म्हनला, खरं सांगताय कशावरनं? तवा आयेनं माज्या भावाला, हंबीऱ्याला, म्होरं वडलं. सात वर्सांचा हुता. त्याच्या डोस्क्यावर हात ठिवला आन शपत घेतली. बाईंची फिर्याद तितंच मोडली."

गाडी उंब्रजला थांबली. आम्ही उतरलो. उरलेला रस्ता चालत जायचा होता.

चालताना त्यांनी बाकीचं सांगितलं. ते मी इथं थोडक्यात लिहिते. तेहतीस साली लग्न. छत्तिसात, चौदाव्या वर्षी, बाळंतपण. तीन दिवस मूल अडलं. चौथ्या दिवशी मेलेलं निघालं. त्या तीन दिवसांत आतल्या भिंतीला छिद्र पडलं आणि लघवी सतत वाहू लागली. सासरच्यांनी दीड महिन्यात माहेरी आणून घातली. माहेरी घरात वास येतो म्हणून गोठ्यात ठेवलं. पावसाळा पुरा तिथं काढला. मग बापानं एक दिवस मिरजेच्या दवाखान्याचं ऐकलं आणि रेल्वेनं घेऊन गेला. दोनदा शस्त्रक्रिया झाली. दुसऱ्या वेळेला जमलं. बरी झाल्यावर घरी जा म्हणाले, तेव्हा त्यांनी नर्सबाईचे पाय धरले आणि झाडू मागितला. त्या दिवसापासून दवाखान्याच्या भिंतीबाहेर त्या कधी राहिल्या नाहीत.

हे त्यांनी मला स्लाइडची पद्धत सांगावी तसं, पायरीपायरीनं सांगितलं.

घर गावाच्या कडेला होतं. विटांचं, वर नवी कौलं. अंगणात उसाच्या वाढ्यांचा भारा पडला होता. राहीबाईंचे भाऊ हंबीरराव दारातच भेटले. पन्नाशीचे, धिप्पाड, आवाज मोठा.

"आक्का! वाट चुकलीस काय गं? ये, ये. अगं ए, ऐकलंस का? आक्का आलीया. च्या टाक."

त्यांची बायको सुलाबाई आतून आल्या, राहीबाईंच्या पाया पडल्या, माझ्याकडे नीट बघून घेतलं. "ह्या कोन म्हनायच्या? डाक्टरीन?"

"माज्यासंगं काम करत्यात. क्षमाताई."

"लगीन?"

"नाही झालं," मी म्हणाले.

"व्हईल की," सुलाबाई दिलासा देत म्हणाल्या आणि चहा टाकायला गेल्या.

आई, बनुबाई, सोप्यात बाजेवर बसल्या होत्या. चौऱ्याहत्तर वर्षांच्या, वाळलेल्या, पण डोळे स्वच्छ. राहीबाईंनी तंबाखू हातात दिली. त्यांनी ती हुंगली आणि कनवटीला लावली.

"वाळलीस," त्या म्हणाल्या.

"तूबी."

चहा झाल्यावर राहीबाईंनी विषय काढला. आडवळण घेतलं नाही. कागद आला हाय, तारीख थोरलीची हाय, तू सायबापुढं खरं सांगायचंस, एवढंच. बनुबाईंनी सगळं ऐकलं. तंबाखू मळायचा हात थांबला होता.

"कंची थोरली?" त्या म्हणाल्या.

"आये."

"मला एकच लेक. तूच."

हंबीरराव मोठ्यानं हसले. "आये, समद्या गावाला ठावं हाय. चुलती मरूस्तवर सांगत हुती. सांगून टाक की. काय बिगडतंय?"

"तुज्या डोस्क्यावर हात ठिवून बोललीया म्या."

"मग? म्या मेलो का? एक्कावन्न वर्सांचा झालो. खोटी शपत घेतलीस तवा मेलो न्हाई, आता खरं बोलल्यावर कसा मरीन?" ते बाजेपुढं बसले आणि टोपी काढून डोकं पुढं केलं. "ह्ये घे. ठेव हात. उलटी शपत घे आन मोकळी हो."

बनुबाईंनी हात झटक्यानं मागं घेतला, विस्तवाला लागल्यासारखा.

"ऊठ तितनं!"

आतून सुलाबाई आल्या. त्यांच्या हातात ओला तवा तसाच होता. "तुमी उटा आदी. उटा म्हनते न्हवं. अन् वन्सं, तुमी मोट्या, तुमाला म्या काय सांगावं? पर तुमाला खोली पायजे म्हून माज्या कपाळाला हात लावताय व्हय?"

"वयनी, तीन वर्सांचा परश्न हाय."

"तीन वर्सं! आन माजं? ह्येंला मागल्या सालीच छातीत कळ आलती. इचारा की. कऱ्हाडच्या डाक्टरनं बिडी सोडा म्हनलंय."

"ती बिडीनं आलती," हंबीरराव म्हणाले.

"तुमी गप बसा!"

मी गप्प बसायला हवं होतं, पण बसले नाही. मला वाटलं, एवढी साधी गोष्ट आहे, नीट सांगितली तर पटेल. मी बनुबाईंच्या जवळ सरकले.

"आजी, शपथेनं कुणाला काही होत नाही. डोक्यावर हात ठेवला म्हणून माणूस मरत नाही आणि काढला म्हणून जगत नाही. मी हे शिकलेय."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही.

"काय हुत न्हाई व्हय?"

"नाही."

"मग तुमच्या कचेरीत माजी शपत कशापायी पायजे?"

सुलाबाईंनी तवा आत नेला आणि ताटं घेतली.

जेवण झालं. सुलाबाईंनी आग्रह करून वाढलं, राहीबाईंच्या भाकरीवर लोण्याचा गोळा ठेवला. त्यांच्या मनात वैर नव्हतं. त्यांना नवरा हवा होता, एवढंच. हंबीरराव बाहेर जाऊन बिडी ओढून आले.

साडेतीनची गाडी होती. बनुबाई म्हणाल्या, "चल, येती बांधापातूर," आणि काठी घेऊन उठल्या. सुलाबाई उंबऱ्यापर्यंत मागं आल्या.

आम्ही तिघी उसाच्या कडेनं चाललो. अर्धा ऊस तुटला होता, अर्धा उभा होता. विहिरीच्या पुढं बांधाचा एक कोपरा लागतो, तिथं बनुबाई थांबल्या. करंजाचं झाड होतं. त्यांनी काठीचं टोक जमिनीला लावलं.

"हितं हाय."

राहीबाईंनी तिथून पाय मागं घेतला.

"तेरा म्हैन्यांची हुती. हगवन लागली. दोन दिसांत गेली. चालाय लागली हुती. उंबऱ्याला धरून उबी ऱ्हायाची." बनुबाई जमिनीकडे बघूनच बोलत होत्या. "मनू म्हनायचो."

वाऱ्यानं उसाची पानं एकमेकांना घासत होती. आमच्याशिवाय आसपास कुणी नव्हतं.

"ज्या दिशी सायबापुढं म्हनलं, मला एकच लेक, त्या दिसापून नाव घेतलं न्हाई म्या. कसं घेनार? झालीच न्हाई म्हनलं हुतं. आदी नागपंचमीला हितं लाह्या ठिवायची. ते बी सोडलं. कुनी इचारलं, कशापायी ठिवतीस, तर काय सांगू?"

"आये, मग आता सांग की," राहीबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज मला ओळखू आला नाही. लहान मुलीचा वाटला. "माज्यासाटी न्हाई, तर तिच्यासाटी सांग. हुती म्हून सांग."

बनुबाई काठीवर दोन्ही हात ठेवून उभ्या होत्या.

"तुजी खोली जाईल," त्या म्हणाल्या. "मला कळतंय. पर तू कुटं तरी ऱ्हाशीलच. तुजं निभतंय. कायम निभलंय. हंबीऱ्याचं निभायचं न्हाई."

"माजं निभलं म्हंतीस?"

"व्हय."

"बरं," राहीबाई म्हणाल्या.

त्या वाकल्या, आईच्या पायाला हात लावला आणि चालू लागल्या. मी मागं वळून पाहिलं. बनुबाई खाली बसल्या होत्या आणि करंजाखालचा पालापाचोळा हातानं बाजूला करत होत्या.

गाडीत बसल्यावर मी म्हणाले, "मी ऐकलंय. मी साक्ष देते. मी लिहून देते की त्यांनी माझ्यासमोर जागा दाखवली, नाव सांगितलं. हरिभाऊंना चालेल. चालवून घेऊ."

"तुमी काय ऐकलं न्हाई, ताई."

"राहीबाई—"

"ती कचेरीला न्हाई बोलली. मला बोलली." त्यांनी पिशवी मांडीवर नीट ठेवली. "चव्वेचाळीस वर्सांनी बोलली. त्येचा कागद करून मी टेबलावर टाकू? उद्या हंबीऱ्याला ताप आला तरी ती म्हनंल, माज्या तोंडानं आला. मरूस्तवर म्हनंल."

"पण ते खरं नसेल."

"नसंल. पर ती मरंल ते खरं समजून."

मी माझ्या बाजूचे मुद्दे पुष्कळ मांडले. मांडताना ते मला बरोबर वाटत होते आणि अजूनही वाटतात. पण एस.टी.च्या त्या बाकावर त्यांचा काही उपयोग नव्हता. कऱ्हाड येईपर्यंत राहीबाईंनी डोळे मिटून घेतले होते. झोपल्या नव्हत्या.

मार्चमध्ये त्या रोज वेळेवर आल्या. शेवटच्या दिवशीही सव्वीस स्लाइड केल्या. दोनमध्ये जंतू सापडले. निरोपसमारंभात साहेबांनी नारळ आणि शाल दिली, चार शब्द बोलले. हरिभाऊ म्हणाले, पेन्शनीचे कागद वर जाऊन यायला सहा-आठ महिने लागतील. मी राहीबाईंना म्हणाले, माझ्या खोलीवर या, दोघी राहू. त्या म्हणाल्या, "तुमचं लगीन हुयाचंय. लोकाच्या खोलीत म्हातारी कशाला?" आणि मग, मी काही बोलायच्या आत, "हंबीऱ्याचं पत्र आलंय. ये म्हनतोय."

दोन एप्रिलला मी त्यांना पोचवायला गेले. एक ट्रंक, एक वळकटी, एक पिशवी. हंबीरराव बैलगाडी घेऊन उंब्रजला आले होते. वाटेत एकदा म्हणाले, "आक्का, म्या सांगितलं हुतं तिला. लय सांगितलं." राहीबाई म्हणाल्या, "ठावं हाय रं."

घरात सोप्यात आईच्या बाजेसमोर शेजारच्या बायका जमल्या होत्या. चाळीस वर्षांनी राहायला आलेली लेक बघायला. सुलाबाईंनी पाय धुवायला पाणी दिलं. राहीबाई भिंतीला टेकून खाली बसल्या. बायकांनी एकेक विचारायला सुरुवात केली. पगार किती होता, पेन्शन किती बसणार, दवाखान्यात रक्त बघून चक्कर येत नाही का. राहीबाई नीट उत्तरं देत होत्या.

मग त्यातल्या एका म्हातारीनं, बहुधा मुद्दाम, डोळे बारीक करून विचारलं, "पर तू माज्या बरूबरची न्हवं का गं राही? म्या तर बावीसची. तुला सरकारनं आदीच कशी काय सोडली? वय किती तुजं?"

हंबीरराव बैलांचं दावं हातात घेऊन निघाले होते, ते दारातच थांबले. सुलाबाई चुलीपाशी थांबल्या. बनुबाई बाजेवर बसून होत्या आणि त्यांची नजर जमिनीवर होती. मी राहीबाईंच्या शेजारी होते. त्यांनी आईकडे पाहिलं नाही.

"अठ्ठावन पुरी झाली," त्या म्हणाल्या. "तुज्याहून मोटी हाय म्या."

"व्हय?" म्हातारी म्हणाली. "आसंल बाई."

बायका दुसरं काही बोलू लागल्या. बनुबाईंनी पाय आखडून घेतले, एका कडेला सरकल्या आणि बाजेवरची मोकळी झालेली जागा हातानं झाडली. राहीबाई उठून तिथं जाऊन बसल्या.